चांदीचं पाणी

ओवीच्या नाकाखाली बोट धरून तिचा श्वास अजमावता अजमावता कांचनच्याच पापण्या जड होतात. भर दुपार आहे. खिडकीचा पडदा ओढलेला आहे, तरी त्याच्या विणीतून ऊन चाळणीतल्या पिठासारखं आत पडतंय. पोरगी पिता पिताच झोपली आहे. ओठ अजून हलताहेत, रिकामेच. बाहेर गॅलरीत सासूबाई शेंगा फोडत बसल्या आहेत. टरफल फुटल्याचा आवाज येतो, थांबतो, परत येतो. कांचन स्वतःला बजावते, झोपायचं नाही. नुसतं पडायचं.

झोपायचं नाही हे तिचं ठरलेलंच आहे. ओवी झाल्यापासून तिनं सलग झोप म्हणून घेतलेली नाही. घरात सगळे म्हणतात, पहिलटकरीण आहे, जीव घाबरा असतो. तसं असतं तर बरं होतं. खरं कारण तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईनं असलं काही तोंडातून काढलं तर लोक हसतील.

तिचे वडील, आबा, तिकडं तमिळनाडूत सेलमला गलाईचं दुकान चालवायचे. विट्याकडच्या निम्म्या गावांचा हाच धंदा. सोनाराकडची जुनी, भेसळीची चांदी आणायची, तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, विरघळवायची आणि शुद्ध करून परत द्यायची. कांचन पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. आबाही सेलमहून गावी यायला निघणार होते. आले ते ॲम्ब्युलन्समधून. छातीनं दगा दिला होता. गाडी गावाच्या शिवेवर आली असा फोन आला आणि चुलत्यांनी तिला दंडाला धरून शेजारच्या ताराक्काच्या घरात नेलं, मधल्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. पोटुशीनं प्रेत बघायचं नसतं. तिनंही हुज्जत घातली नाही. पोटात जीव असला की शिकलेली बाईसुद्धा मुकाट ऐकते. जोंधळ्याच्या पोत्यावर बसून तिनं आपल्याच घरचा आकांत भिंतीपलीकडून ऐकला. आबांचं तेरावं व्हायच्या आत ओवी झाली.

बायका म्हणाल्या, पोरगा असता तर म्हटलं असतं आजाच माघारी आला. पोरगी म्हटल्यावर तेही कुणी म्हटलं नाही. पण एका म्हातारीनं पाळण्यात डोकावून सहज बोलून टाकलं, "एक गेलं, एक आलं. देवाचं साटंलोटं."

तो शब्द कांचनच्या काळजात कुसळासारखा रुतून बसला. साटंलोटं कसं असतं ते तिला माहीत होतं. दोन घरं एकमेकांत लेकी देतात, आणि एकीला सासरच्यांनी माघारी धाडलं की दुसरीलाही तिचं घर सोडावं लागतं. मग आपण मनापासून म्हटलं, आबा, परत या. एकदा जरी गळा काढून मागितलं. तर देणारा म्हणेल, बरं, मग मी दिलेलं टाक इकडं. म्हणून ती आबांसाठी रडली नाही. आठवण दाटून आली की ती उठते आणि पोरीचा श्वास बघते. इतकंच.

गॅलरीतला आवाज थांबतो. परत सुरू होतो तो जरा ओला, फसफसल्यासारखा. दूध उतू चाललं वाटतं. कांचन उठते, ओवीला खांद्यावर टाकते, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडते, आणि पायाखाली फरशी लागतच नाही. लागते ती खरबरीत, काळी, चिकट जमीन. ओट्याच्या जागी भट्टी आहे. भिंतीवर तमिळ अक्षरांचं कॅलेंडर, त्याच्याशेजारी खरसुंडीच्या सिद्धनाथाचा फोटो, त्याला वाळलेला हार. डोळे चुरचुरतात. आबा पाठमोरे बसले आहेत. तेजाबाचा धूर लागू नये म्हणून तोंडाला नेहमीसारखं ओलं फडकं, मानेमागं गाठ.

"आबा, गॅसवर काय ठेवलंय?"

"तुझंच दूध," ते वळून न बघताच म्हणतात. "बघ की, नासलं का काय."

समोरच्या चिनीमातीच्या वाडग्यात दूध नाही. नितळ पाणी आहे, तळ दिसेल इतकं.

"हे तर पाणी आहे."

"आगं, पाणी कुठलं? घमेलंभर पैंजण हायत ह्यात."

"दिसत नाहीत."

"इरघळल्यात. दिसत न्हाई म्हंजे न्हाई, असं असतंय व्हय? काय शिकलीस मग कालेजात? बापाचं पैसं बुडवलंस."

ते मेलेले आहेत हे कांचनला माहीत आहे. पण ते बोलायची ही वेळ नव्हे असंही तिला वाटतं, जेवायला बसलेल्या माणसाशी भांडू नये तसं. आबा बाजूची तांब्याची पट्टी उचलतात आणि वाडग्यात सोडतात. थोडा वेळ काहीच होत नाही. मग पट्टीच्या कडेला करडी लव धरते, मेंढीच्या पिल्लाच्या अंगावरची असते तशी. ती लव वाढते, सुटते, तळाशी बसत जाते.

"आली बघ चांदी," आबा म्हणतात. त्यांच्या आवाजात तोच जुना आनंद आहे, जन्मभर बघूनही न विटलेला.

कांचन मात्र पट्टीकडं बघते. पट्टी बारीक होत चालली आहे, कडा खाल्ल्यासारखी. आणि पाणी निळं होतंय.

"आणि तांबं?"

"ते गेलं पाण्यात. एकाला बसायला जागा पायजे तर दुसऱ्यानं उठाया नगं?"

कांचन खांद्यावरच्या ओवीला घट्ट धरायला जाते. हाताला नुसतं दुपटं लागतं, घडी घातलेलं, अजून उबदार.

"आबा! ओवी कुठाय?"

"आसंल हितंच. आधी पाठ म्हणून दाव. पेपर उद्याला हाय."

"आबा, माझं बाळ—"

"म्हण म्हणतोय न्हवं?"

आणि हे गावाकडचं अंगण आहे. भट्टीच्या जागी तुळस. आबा सुटीवर आलेले आहेत, बाजेवर आडवे झालेत, फडकं मात्र तोंडावर तसंच. कांचन दहावीत आहे. तिच्या दोन वेण्या आहेत, आणि दुपटं तिनं पाठीमागं लपवलं आहे, कुणी विचारू नये म्हणून. तिला रडू येतंय, पण पाठांतर चुकलं तर ओवी मिळणार नाही असं कुठंतरी ठरलेलं आहे. ती सरळ उभी राहते.

"रासायनिक अभिक्रियांचे चार प्रकार आहेत. एक, संयोग अभिक्रिया. दोन पदार्थ एकत्र येऊन एकच नवा पदार्थ तयार होतो."

"लगीन," आबा म्हणतात. "फुडं."

"अपघटन अभिक्रिया. एकाच पदार्थापासून दोन किंवा अधिक पदार्थ तयार होतात."

"बाळतपण."

आतून आईचा आवाज येतो, "अहो, पोरीम्होरं काय बोलताय! दहावीला हाय ती."

"मी कुठं बोलतोय? तिच्या पुस्तकात हाय. फुडं म्हण गं."

"विस्थापन अभिक्रिया. अधिक क्रियाशील मूलद्रव्य कमी क्रियाशील मूलद्रव्याला त्याच्या संयुगातून बाहेर काढतं आणि स्वतः त्याची जागा घेतं."

"धाकटी सून घरात आली की थोरलीनं चुलीपास्नं उठायचं. तुझ्या आईला इचार, तिला पाठ हाय हे."

आत भांडं जोरात आपटतं. हे सगळं असंच घडलं होतं. त्या वर्षी आबा खरंच असे बोलले होते, आई खरंच चिडली होती, आणि कांचन इतकी हसली होती की शेजारची माणसं डोकावून गेली. आता तिला हसू येत नाही. चौथा प्रकार उरला आहे, दुहेरी विस्थापन. दोन संयुगं, दोघांचेही घटक एकमेकांच्या जागी जातात. तिला व्याख्या येते, उदाहरण येतं, पण ओठ उघडत नाहीत.

आबा वाट बघतात. मग तेच म्हणतात, हळू, "साटंलोटं."

अंगणातला उजेड कमी होतो, बाहेरून दार लोटून घ्यावं तसा. जोंधळ्याचा आणि त्यात घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास येतो. कांचन पोत्यावर बसली आहे. पोट परत भरलेलं आहे, जड, टेकवून ठेवावं लागेल असं. ही ताराक्काची मधली खोली आहे. दाराला बाहेरून कडी आहे. भिंतीपलीकडून आईचा आवाज येतोय, अहो उठा की वो, बघा कोण कोण आलंय, उठा की. समोरच्या पोत्यावर आबा बसले आहेत, मांडीवर हात ठेवून. पाहुण्याच्या घरी बसावं तसे अवघडून.

"तुम्ही इथं काय करताय?" कांचन कुजबुजते. "बाहेर तुमच्यासाठी रडतायत."

"रडू दे. मला गर्दी सोसत न्हाई, म्हाईत हाय न्हवं तुला."

"आबा, मला तुम्हाला बघू दिलं नाही."

"बरं केलं त्यांनी. लांबचा परवास. बघण्यासारखं काय ऱ्हायलं न्हवतं."

बाहेरचा आकांत चढतो, उतरतो. आबा कान देऊन ऐकतात, कोण कोण आहे ते ओळखल्यासारखे. मग म्हणतात, "तुझा आवाज येत न्हाई त्यात."

"मी इथं आहे ना."

"नंतर सुदीक आला न्हाई. लेकीनं एकदा तरी हाक मारावी म्हंतो मी. मारली न्हाईस."

कांचन मान खाली घालते. तिला वाटतं, पोटावरच्या साडीची कड नीट करावी, पोत्याचं तोंड नीट बांधावं, काहीतरी करावं. "हाक मारली तर तुम्ही परत याल," ती म्हणते.

"मग? येऊ नको?"

बाहेर क्षणभर कुणीच रडत नाही. दाराच्या फटीतून पडलेली उन्हाची रेघ दोघांच्या मध्ये जमिनीवर आहे. जे बोलू नये ते आता बोलावं लागणार हे कांचनला कळतं. तिच्याएवढी पापी लेक जगात दुसरी नसेल, तरी ती बोलते.

"येऊ नका," ती म्हणते. "आबा, तुमच्या पाया पडते, येऊ नका. तुम्ही आलात तर ती जाईल."

"कोण जाईल?"

"ओवी. एक गेलं म्हणून एक आलं. साटंलोटं आहे ते. तुम्हाला मागितलं तर तिला द्यावं लागेल."

आबा तिच्याकडं बघत राहतात. मग त्यांचे खांदे हलायला लागतात. ते रडताहेत असं तिला वाटतं, पण ते फडक्याआड हसताहेत, खोकत खोकत हसताहेत.

"येडी का खुळी तू! हे शिकवलं तुला कालेजात? आगं, वाडग्यात बघितलंस न्हवं मघाशी? तांब्यानं चांदीला उठवलं. का उठवलं? दोघं एका भांड्यात हायत म्हणून. तीच पट्टी मी फळीवर ठिवली आन् चांदीचं पाणी खाली ठिवलं, तर शंभर वर्सं ठिव. काय हुयाचं न्हाई. ना हे हलणार, ना ते." ते पुढं सरकतात. "मी सेलमात गेलो. ही हितं, तुझ्या पोटात. कवा आलो आम्ही एका भांड्यात? सांग की."

कांचन पोटावर हात ठेवते.

"साटंलोटं करायचं तर दोन्ही घरची माणसं मांडवात यायला लागत्यात. मी आलोच न्हाई तुझ्या पोरीच्या मांडवात. मला तेजाबानं खाल्लं. ते आमचं दोघांचं, माझं आन् तेजाबाचं. त्यात ह्या कवळ्या जिवाला कशाला वडतीस?"

त्यांचा आवाज खाली येतो. ते जमिनीवरच्या उन्हाच्या रेघेकडं बघतात.

"एक दीस तरी आलो असतो एका भांड्यात, तर बरं झालं असतं. तेवढंच ऱ्हायलं बघ."

हे ऐकून कांचनचं अंग हलकं होतं. अगदी खरोखर, कारण पोट आता रिकामं आहे आणि ओवी तिच्या मांडीवर आहे, दुपट्यात, झोपलेली, कानावर केसांची एक बट.

"दावतीस?" आबा विचारतात.

ती दुपटं बाजूला करते. आबा दोन्ही हात मानेमागं नेतात, गाठ सोडतात आणि तोंडावरचं फडकं काढून मांडीवर ठेवतात. आणि कांचन बघते. गाल बसलेले, मिशी निम्मी पांढरी, फडक्याचा वळ नाकावरून कानापर्यंत गेलेला, खालचा ओठ किंचित डावीकडं ओढलेला. तिला जे बघू दिलं नव्हतं ते हे. भयंकर काहीही नाही. दमलेल्या माणसाचं तोंड आहे. ती डोळे मिटत नाही, मिटले तर परत दिसणार नाही म्हणून.

"नाक आमचं हाय," आबा म्हणतात, इतके खूश होऊन की बाहेर ऐकू जाईल अशी तिला भीती वाटते. "बघ की. थेट आमचं. लग्नाला तरास हुयाचा पोरीच्या." आणि वाकून ते ओवीच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावायला जातात.

बोट ओलं आहे. वाडग्यातलं पाणी अजून त्याच्यावर चकाकतंय.

कांचनला विचार करायला वेळच मिळत नाही. तिचा हात आपोआप मध्ये जातो. "आबा, हात! तेजाबाचा हात!"

बोट तिच्या हाताच्या पाठीवर टेकतं. गार आहे. क्षणभर तिथंच राहतं.

आबा बोट मागं घेतात. उलटसुलट करून बघतात. त्यांच्या तोंडावरचा आनंद हळूहळू ओशाळा होत जातो. "व्हय की," ते म्हणतात. "न्हाई धुतला." आणि तो हात ते पाठीमागं नेतात, शाळेत नखं तपासताना पोरं नेतात तसा.

"आबा, तसं नाही—"

"न्हाई न्हाई. बरोबर हाय तुझं. ल्हान पोर हाय, असंच जपावं." ते उठतात. गुडघ्यावर हात टेकून, थोडं थांबून, मग पूर्ण. "आलोच. हात धुऊन येतो."

"राहू द्या. आबा, राहू द्या, लावा हात. काही होत नाही."

"आगं, आलो म्हंतोय न्हवं. साबन कुठं ठिवलाय?"

ते दार ढकलतात. बाहेरून कडी घातलेलं दार सहज उघडतं. पलीकडं अंगण नाही, माणसं नाहीत, नुसता पांढरा उजेड आहे. आबा कुठून जावं ते न कळल्यासारखे उंबऱ्यावर थबकतात, मग उजवीकडं वळतात. त्यांचं फडकं पोत्यावर राहिलं आहे. कांचन वाट बघते. मोरीत पाणी पडल्याचा आवाज येईल म्हणून कान लावून बसते. येतो तो शेंगा फुटल्याचा आवाज.

"कांचन, झोपलीस व्हय? पोर उठलीय बघ कवाची. खेळतीय आपली आपली."

ती दचकून उठून बसते. ओवी शेजारी जागी आहे, स्वतःचा पाय धरून त्याच्याशी काहीतरी बोलतेय. कांचन झोपली होती आणि पोरीला काही झालेलं नाही. ती हाताची पाठ डोळ्यांसमोर धरते. पडद्याआडच्या अंधूक उजेडात काहीही नाही. काय असणार? नुसता घाम.

ती ओवीला कडेवर घेते आणि गॅलरीत येते. दोरीवर दुपटी वाळली आहेत. उन्हं अजून कडक आहेत, कठडा हात ठेववत नाही इतका तापलाय. सासूबाई मांडी घालून सुपात शेंगदाणे पाखडताहेत. कांचन एका हातानं दुपटी काढायला लागते. पहिलं काढते, खांद्यावर टाकते. दुसऱ्याला हात घालते आणि तिथंच थांबते.

हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खळग्याच्या जरा वर, एक डाग आहे. आधी चहा सांडल्यासारखा फिका. ती बघत राहते आणि तो तांबूस होतो. मग तपकिरी. कडेकडेनं बारीक रेघा उमटायला लागतात, गोल, एकात एक. बोटाच्या पेरावर असतात तशा.

हे काय आहे ते तिला कळतं. हे तिच्या घरचं आहे आणि हेच तिनं शिकलेलंही आहे. चांदीचं पाणी कातडीवर पडतं तेव्हा दिसत नाही. उजेड लागतो तेव्हा ते फुटतं, त्यातली चांदी सुटी होते आणि काळी पडते. गावाकडच्या प्रत्येक गलाईवाल्याची बोटं अशी असतात. साबणानं निघत नाही, लिंबानं निघत नाही.

"काय गं ते?" सासूबाई मान वर करतात. "तव्याला चिकटलीस व्हय? थांब, खोबरेल लावू."

"नको, आत्या." कांचन हात छातीशी ओढून घेते. "काही लावू नका. जाईल आपोआप."

"कवा जाणार आपोआप?"

"कातडी बदलली की. जुनी कातडी झडते ना, तिच्याबरोबर जातं."

एवढं ती नीट बोलते. पुढं सासूबाई काय म्हणतात ते तिला ऐकू येत नाही. ओवी तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र तोंडात घालायला बघतेय. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत चाललाय. कांचन तोंड उघडते, आणि आतून जो आवाज येतो तो तिच्या ओळखीचा नाही.

"आबा," ती म्हणते. मग मोठ्यानं, भंगारवाल्यानं वर बघावं इतक्या मोठ्यानं, "आबा, या की वो परत. परत या की."

सूप खाली पडतं. दाणे फरशीभर होतात. सासूबाई दोन पावलांत येतात, तिच्या चेहऱ्याकडं बघतात, हाताकडं बघतात, आणि काही विचारत नाहीत. ओवीला तिच्या कडेवरून सोडवून घेतात.

"दे तिला हिकडं," त्या म्हणतात. "रड तू. मी हाय हिच्याकडं."

कांचन तिथंच खाली बसते आणि रडते. आजीच्या खांद्यावरून ओवी तिच्याकडं टुकूटुकू बघते, एकदा शिंकते, आणि परत बघायला लागते. ऊन सरकत कांचनच्या मांडीवर येतं. डाग अजून काळा होत चाललाय.